दहापैकी दहा गुण देणाऱ्या रुग्णाला पुन्हा विचारा

प्रति,
प्राथमिक आरोग्यसेवेचं धोरण ठरवणारे अधिकारी, दवाखान्यांचे व्यवस्थापक आणि रुग्णांचे अभिप्राय गोळा करणारी मंडळी यांस,

स.न.वि.वि.

मी दुभाषी आहे. परक्या देशात येऊन राहिलेल्या रुग्णांसोबत दवाखान्यात बसते, डॉक्टरांचं बोलणं रुग्णाला आणि रुग्णाचं बोलणं डॉक्टरांना सांगते. स्वतःचं मत मांडायला त्या खोलीत मला जागा नसते, आणि नसावीच. पण बाहेर आल्यावर, जिन्यात किंवा बसथांब्यावर, रुग्ण जे बोलतात ते तुमच्यापर्यंत पोचत नाही, हे मी बघते आहे. म्हणून हे पत्र.

तुमच्या अहवालात रुग्णांच्या समाधानाचा एक आकडा असतो. स्थलांतरितांचा आकडा वेगळा काढला तर तो इतरांपेक्षा कधी वर असतो, कधी खाली. वर असला की 'ही माणसं समाधानी आहेत' असं म्हणून पान उलटलं जातं. खाली असला की 'त्यांच्या अपेक्षाच वेगळ्या असतात' असं म्हणून उलटलं जातं. आकडा कसाही आला तरी दवाखान्यात काडीचाही फरक पडत नाही. माझी तक्रार नेमकी याबद्दल आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०२४ साली जगात सुमारे ३० कोटी ४० लाख माणसं जन्मदेशाबाहेर राहत होती. एवढ्या माणसांनी दिलेलं उत्तर कसं वाचायचं हे आपण नीट शिकलेलो नाही.

आधी समाधानाचा आकडा इतरांपेक्षा वर येतो त्याबद्दल. गुण देणारा माणूस कशाच्या तुलनेत गुण देतो, याचा विचार करा. डॉक्टर रुग्णाला सरासरी किती वेळ देतात याचा ६७ देशांतला आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. बांगलादेशात ४८ सेकंद, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं. जगाची जवळपास निम्मी लोकसंख्या ज्या १८ देशांत राहते, तिथे पाच मिनिटं किंवा त्याहूनही कमी. आयुष्यभर अर्ध्या-पाऊण मिनिटात चिठ्ठी हातात पडलेला माणूस दुसऱ्या देशात येतो आणि डॉक्टर त्याच्यासमोर दहा मिनिटं बसतात. त्याला ती सेवा उत्तमच वाटणार. त्या दहा मिनिटांतली सहा मिनिटं भाषेची ओढाताण करण्यात गेली, मुख्य दुखणं सांगायचं राहून गेलं, तपासणी अर्धवट झाली, तरीही तो पूर्ण गुण देईल. तो खोटं बोलत नाही. त्याने मनातल्या मनात दोन अनुभव शेजारी ठेवले आणि दुसरा चांगला ठरवला, एवढंच. तुम्ही मात्र त्याचं उत्तर तुमच्या सेवेचं मोजमाप म्हणून छापता.

त्यात कृतज्ञता असते, तीही खरी. ज्याच्याकडे कागदपत्रं पुरी नाहीत, नोकरी हंगामी आहे, घरमालक कधीही घराबाहेर काढू शकतो, अशा माणसाला 'बसा, काय होतंय?' असं कुणी शांतपणे विचारलं तर तो भरून पावतो. डॉक्टरांबद्दल वाकडं लिहिणं त्याच्या जिवावर येतं. शिवाय भीती असते. फॉर्मवर नाव नसलं तरी आपल्या उत्तरावरून आपल्याला ओळखतील, पुढच्या वेळी अपॉइंटमेंट मिळणार नाही, व्हिसाच्या वेळी काही निघेल, असं त्याला वाटतं. तुम्ही म्हणाल, असं काही होत नाही. नसेलही होत. पण तो जिथून आलाय तिथे सरकारी कागदावर तक्रार लिहिण्याचे परिणाम त्याने पाहिलेले असू शकतात.

एक प्रसंग सांगते. सत्तरीच्या आसपासचे एक गृहस्थ, रक्तदाबाचे जुने रुग्ण. डॉक्टरांनी गोळी बदलली. बोलणं व्यवस्थित झालं, कुठे आवाज चढला नाही, घाई दिसली नाही. बाहेर पडताना रिसेप्शनच्या शेजारी एक टॅबलेट लावलेला होता, त्यावर पाच चेहरे: लालभडक रागावलेल्यापासून हिरव्यागार हसऱ्यापर्यंत. काउंटरमागच्या बाईंनी हसून तिकडे हात केला. आजोबांनी सगळ्यात हिरव्या चेहऱ्यावर बोट टेकवलं. मग दारापाशी येऊन खिशातून एक पिशवी काढली. आत जुन्या गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी होती. मला विचारलं, "ही चालूच ठेवायची ना? की दोन्ही घ्यायच्या?"

मी त्यांना परत आत नेलं. डॉक्टर पुढच्या रुग्णात होते. नर्सने फाइल पाहिली आणि सांगितलं की जुनी पूर्ण बंद करायची आहे. दोन्ही एकाच कामाच्या गोळ्या होत्या. एकत्र घेतल्या असत्या तर आजोबा चक्कर येऊन पडले असते, आणि त्या वयात पडणं म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. डॉक्टरांनी जुनी बंद करा असं स्पष्ट सांगितलं नव्हतं. नवीन दिली म्हणजे जुनी बंद, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. आजोबांनी विचारलं नाही, कारण डॉक्टरांना उलट प्रश्न करायचा नसतो असं ते मानत होते. हिरवा चेहरा मात्र त्या दिवशीच्या बेरजेत जाऊन बसला. त्या यंत्राला गोळ्यांबद्दल काहीच कळलं नाही, कारण त्याने विचारलंच नव्हतं.

आता आकडा इतरांपेक्षा खाली येतो त्याबद्दल. इथे तर जास्त अन्याय होतो. इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टरांच्या रुग्णांचं मोठं राष्ट्रीय सर्वेक्षण दरवर्षी होतं. त्यात दक्षिण आशियाई वंशाच्या रुग्णांनी दिलेले गुण गोऱ्या ब्रिटिश रुग्णांपेक्षा कमी येत राहिले. त्यावरचं सोयीचं स्पष्टीकरण असं, की या लोकांची गुण देण्याची पद्धतच कडक असेल, किंवा त्यांना डॉक्टरांकडून भलतंच काही हवं असेल. काही संशोधकांनी हे तपासून बघायचं ठरवलं. डॉक्टर आणि रुग्ण यांच्या भेटीचे नाट्यरूपातले व्हिडिओ तयार केले आणि पाकिस्तानी वंशाच्या व गोऱ्या ब्रिटिश मिळून सुमारे अकराशे लोकांना दाखवून गुण द्यायला सांगितले. दोन्ही गटांसमोर तीच भेट, तेच डॉक्टर, तेच संवाद. अपेक्षा वेगळ्या असत्या, हात आखडता असता, तर पाकिस्तानी वंशाच्या लोकांचे गुण इथेही कमी यायला हवे होते. ते जास्त आले. २०१६ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचा अर्थ टाळता येण्यासारखा नाही. सारखी वागणूक पाहिली तर ही माणसं अधिक उदारपणे गुण देतात. मग प्रत्यक्ष सर्वेक्षणात त्यांचे गुण कमी येत असतील, तर त्यांना मिळणारी वागणूकच कमी प्रतीची असण्याची शक्यता आधी धरायला हवी. कदाचित त्या कमी आकड्यापेक्षाही परिस्थिती वाईट असेल.

त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणावरच्या आणखी एका अभ्यासाने, २०१२ साली, दाखवलं होतं की या फरकाचा मोठा भाग वेगळ्याच कारणाने पडतो: अल्पसंख्य समाजांतले रुग्ण मुळात कमी गुणांच्या दवाखान्यांतच जास्त संख्येने नोंदलेले असतात. त्या दवाखान्यांत कोणीही गेलं तरी अनुभव बेताचाच येतो. ज्युलियन ट्युडर हार्ट या वेल्समधल्या डॉक्टरांनी १९७१ मध्येच लिहून ठेवलं होतं, की चांगल्या वैद्यकीय सेवेची उपलब्धता लोकांच्या गरजेच्या व्यस्त प्रमाणात असते. स्थलांतरित नवीन गावात येतो तेव्हा भाडं परवडेल तिथे राहतो आणि तिथल्या दवाखान्यात नाव घालतो. तिथे डॉक्टर टिकत नाहीत, फोन लागत नाही, रांग मोठी. तक्रार झाली की खापर त्याच्या अपेक्षांवर फुटतं.

अपेक्षांचा प्रश्न अजिबात नाही असं मी म्हणत नाही. तो आहे, आणि मी तो रोज पाहते. अनेक देशांत माणूस थेट स्पेशालिस्टकडे जातो: कान दुखला की कानाचा डॉक्टर, छाती भरली की हृदयाचा. नव्या देशात मध्ये फॅमिली डॉक्टर असतो, आणि त्याच्या चिठ्ठीशिवाय पुढचं दार उघडत नाही. रुग्णाला हा अडथळा वाटतो. ताप आलेल्या मुलाला घेऊन गेल्यावर डॉक्टर तपासतात आणि म्हणतात, "विषाणूचा ताप आहे, पॅरासिटामॉल द्या, पाणी पाजा, तीन दिवसांनी फोन करा." रक्त तपासलं नाही, अँटिबायोटिक नाही, इंजेक्शन तर नाहीच. आईला वाटतं, आपण परके म्हणून आपल्याला वाटेला लावलं. डॉक्टरांचं वैद्यकीयदृष्ट्या शंभर टक्के बरोबर असतं. तरीही त्या बाईला आलेला अनुभव खोटा ठरत नाही, कारण अँटिबायोटिक का दिलं नाही हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. विषाणूवर ते चालत नाही, उगाच दिलं तर पुढे खरी गरज असताना ते निकामी ठरू शकतं, आणि मूल सुस्त पडलं, श्वास जोरात घ्यायला लागलं, पाणी पिईना, तर थेट घेऊन या, एवढी चार वाक्यं हवी होती. ती ऐकलेली आई समाधानाने घरी जाते, हे मी अनेकदा पाहिलंय. न ऐकलेली आई दुसऱ्या दिवशी इमर्जन्सीत जाऊन बसते, किंवा सुट्टीत मायदेशी गेल्यावर सगळ्या तपासण्या एकदम करून आणते आणि अहवालांचा गठ्ठा फॅमिली डॉक्टरांसमोर ठेवते. मग डॉक्टर वैतागतात. दोघांचाही एकमेकांवरचा विश्वास तिथे संपतो.

प्राथमिक सेवेच्या अमेरिकन अभ्यासक डॉक्टर बार्बरा स्टारफिल्ड यांनी प्राथमिक सेवेच्या चार खुणा सांगितल्या होत्या: गरज पडली की पहिली धाव तिथेच घेता येणं, तोच डॉक्टर वर्षानुवर्षं मिळणं, बहुतेक सगळ्या दुखण्यांची तिथेच सोय असणं, आणि बाकीच्या उपचारांची सांगड त्या डॉक्टरांनी घालणं. स्थलांतरिताच्या बाबतीत यातली सगळ्यात आधी तुटते ती दुसरी. तो घर बदलतो, काम बदलतो, शहर बदलतो. प्रत्येक वेळी नवा फॉर्म, नवे डॉक्टर, पुन्हा पहिल्यापासून सगळी कहाणी. युद्धातून किंवा छळातून सुटून आलेल्या माणसाला तीच कहाणी चौथ्या अनोळखी माणसासमोर सांगायला लावणं म्हणजे काय, हे एकदा मनात आणून बघा. बरेच जण तिसऱ्या वेळेपासून ती सांगणंच सोडतात. फाइलमध्ये 'झोपेची तक्रार' एवढंच राहतं.

आणि ती फाइल तरी एकच असते का? नावांचा प्रश्न फार साधा वाटतो, म्हणून त्याकडे कुणी बघत नाही. कुठे आडनाव आधी लिहितात, कुठे आडनावच नसतं, कुठे वडिलांचं नाव मध्ये येतं. एकदा एक पद्धतीने, दुसऱ्यांदा दुसऱ्या पद्धतीने नोंद झाली की संगणकात एका माणसाच्या दोन फाइली तयार होतात. रक्ताचा अहवाल एकीत, औषधांची यादी दुसरीत. जन्मतारखेचा पुरावा नसलेल्या निर्वासितांची तारीख तर अनेकदा १ जानेवारी लिहिली जाते. त्यामुळे सारख्या नावाची आणि सारख्या तारखेची दोन माणसंही सापडतात. प्रतीक्षागृहात नाव पुकारलं जातं तेव्हा ते इतकं बदललेलं असतं की माणसाला ते आपलं आहे हे कळत नाही. तो बसून राहतो आणि त्याच्या नावापुढे 'गैरहजर' पडतं. गैरहजेरीच्या आकडेवारीतही स्थलांतरितांचं नाव खराब होतं ते असं. फोन नंबर आणि जन्मतारीख विचारून, कागद समोर धरून खात्री करून घ्यायला अर्धं मिनिट लागतं.

आता माझ्या कामाबद्दल. हे मी माझ्या पोटासाठी लिहीत नाही. घरातल्या मुलाला दुभाषी करणं थांबवा. आईला पाळीव्यतिरिक्त रक्तस्राव होतोय आणि शेजारी तिचा बारा वर्षांचा मुलगा डॉक्टरांचे प्रश्न तिला सांगतोय, हे दृश्य अजूनही दुर्मिळ नाही. आई मुलासमोर बोलत नाही. मुलगा अर्धं गाळतो, लाजून किंवा न कळून. डॉक्टर लिहितात, 'पोटात दुखतं, सहा महिने.' मुलाच्या डोक्यावर जे ओझं बसतं ते वेगळंच. आजाराची वाईट बातमी आईला स्वतःच्या तोंडाने सांगावी लागलेली मुलं मोठी झाल्यावरही ती विसरत नाहीत.

बालरोगतज्ज्ञ ग्लेन फ्लोरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली अमेरिकेतल्या बालरुग्ण विभागातल्या तेरा भेटींचं ध्वनिमुद्रण तपासलं होतं. दर भेटीत दुभाषांतराच्या सरासरी ३१ चुका सापडल्या, आणि त्यांतल्या ६३ टक्के चुकांचा उपचारावर परिणाम होऊ शकला असता. नातेवाईक, कर्मचारी अशा कुणालाही मध्ये बसवलं होतं तिथे अशा घातक चुकांचं प्रमाण रुग्णालयाने नेमलेल्या दुभाषांपेक्षा बरंच जास्त होतं. आम्ही नेमलेली माणसंही चुकतो, म्हणून तर आम्हाला प्रशिक्षण हवं, सरावाच्या बैठका हव्यात, आणि कठीण भेटीनंतर बोलायला कुणीतरी हवं.

हे अशक्य आहे असं कुणी म्हणू नये. ऑस्ट्रेलियाने १९७३ साली फोनवरची दुभाषी सेवा सुरू केली. आज ती दीडशेहून अधिक भाषांत चोवीस तास चालते. नॉर्वेत २०२२ पासून लागू झालेल्या कायद्याने मुलांना दुभाषी म्हणून वापरायला मनाई केली आहे, अगदी निकड असेल तो अपवाद. उलट दिशेनेही देश गेले आहेत. डेन्मार्कने २०१८ मध्ये तीन वर्षांपेक्षा जास्त काळ राहिलेल्यांकडून दुभाषाचे पैसे घ्यायला सुरुवात केली. तीन वर्षांत भाषा यायलाच हवी, असा त्यामागचा हिशेब. ज्यांनी परकी भाषा वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, दोन पाळ्यांत काम करून शिकायचा प्रयत्न केलाय, त्यांना विचारा. बाजारात भाजी घेण्यापुरती भाषा येणं वेगळं आणि छातीत नेमकं कसं दुखतं हे सांगता येणं वेगळं. पैसे लावले की माणूस दुभाषी सोडून मुलाला घेऊन येणार, हे सांगायला संशोधन लागत नाही.

दुभाषी असला तरी तेवढ्याने भागत नाही. सगळं दोनदा बोललं जातं, म्हणजे वेळ दुप्पट लागतो. भेट मात्र नेहमीच्याच दहा मिनिटांची ठेवतात. मग डॉक्टर घाई करतात, माझ्याकडे बघून बोलतात, "हिला विचारा, किती दिवसांपासून?" रुग्ण बाई आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत राहते. रुग्णाकडे बघून, 'तुम्हाला' म्हणून बोलणारे डॉक्टरही आहेत, आणि त्यांच्या खोलीतली हवाच वेगळी असते. बाई खुर्चीत पुढे सरकून बसते, मी शेजारी आहे हे थोड्या वेळाने विसरून जाते. चांगला अभिप्राय म्हणजे काय हे मला अशा वेळी कळतं. अशी सेवा देणाऱ्या डॉक्टरांची कामगिरी तुमच्या आकड्यांत वेगळी दिसत नाही, याचंही मला वाईट वाटतं.

सगळ्यात गंभीर बाब ही, की ज्यांचं सगळ्यात जास्त ऐकायला हवं ते तुमच्या सर्वेक्षणात नसतातच. फॉर्म स्थानिक भाषेत, फार तर आणखी दोन-तीन भाषांत. पत्ता बदललेल्याला तो पोचत नाही. वाचता न येणाऱ्याला पोचून उपयोग नाही. ज्याने दवाखान्यात नावच घातलं नाही त्याला तर कुणी विचारतही नाही, आणि त्याने नाव का घातलं नाही हाच तर खरा अभिप्राय. इंग्लंडमध्ये २०१७ साली आरोग्य यंत्रणेकडची रुग्णांची माहिती स्थलांतर विभागाला देण्याचा करार झाला होता. डॉक्टर आणि संघटनांनी विरोध केल्यावर पुढच्या वर्षी तो मागे घ्यावा लागला. स्पेनने २०१२ मध्ये कागदपत्रं नसलेल्यांचा सर्वसाधारण उपचारांचा हक्क काढून घेतला आणि २०१८ मध्ये परत दिला. असे निर्णय मागे घेतले जातात, पण त्यांची बातमी लोकांत फिरत राहते. दवाखान्यात गेलं तर पकडतात, ही एक गोष्ट ऐकलेला माणूस वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढतो. त्याला पुन्हा दारापर्यंत आणायचं तर त्याच्याच समाजातली, त्याच्याच भाषेतली माणसं लागतात. थायलंडमध्ये स्थलांतरित कामगारांमधूनच आरोग्य स्वयंसेवक तयार केले गेले, ते याचसाठी.

इतर देशांतून आलेली माणसं बहुतेक वेळा तरुण आणि धडधाकट असतात, हे अभ्यासकांनी अनेक देशांत नोंदवलंय. काही वर्षांत तो फायदा ओसरतो: काम, घर, ताण, खाणं-झोपणं, सगळ्याचा परिणाम होतो. मधुमेह, रक्तदाब वेळेत सापडायचे ते याच वर्षांत, आणि नेमक्या याच वर्षांत त्यांचा दवाखान्यावरचा विश्वास बसतो किंवा उडतो. म्हणून पहिल्या एक-दोन भेटींना मी फार महत्त्व देते.

आता मागणी. माझी पहिली विनंती फॉर्म तयार करणाऱ्यांना आहे. 'तुम्ही किती समाधानी आहात?' हा प्रश्न स्थलांतरितांसाठी तरी मुख्य प्रश्न म्हणून ठेवू नका. काय घडलं ते विचारा. दुभाषी हवा का, असं तुम्हाला कुणी विचारलं का? तो मिळाला का, की घरचं माणूस न्यावं लागलं? नवीन औषध दिलं तेव्हा जुन्याचं काय करायचं ते सांगितलं का? कशी लक्षणं दिसली तर लगेच यायचं, हे कळलं का? सांगायचं ठरवलं होतं आणि सांगायचं राहिलं, असं काही होतं का? अमेरिकेत १९९५ पासून विकसित होत आलेल्या सरकारी रुग्ण-सर्वेक्षणांनी अशा 'किती वेळा घडलं' प्रकारच्या प्रश्नांवरच भर दिलाय. चौतीस देशांत झालेल्या, प्राथमिक सेवेवरच्या क्वालिकोपिक या अभ्यासाने रुग्णाला काय महत्त्वाचं वाटतं आणि त्याला प्रत्यक्षात काय मिळालं, हे दोन वेगवेगळ्या प्रश्नावल्यांतून विचारलं होतं. वाट नवी नाही.

प्रश्न दवाखान्याच्या काउंटरवर, कर्मचाऱ्यांच्या नजरेसमोर विचारू नका. दोन-तीन दिवसांनी, रुग्णाच्या भाषेत, फोनवर, दवाखान्याशी संबंध नसलेल्या माणसाकडून विचारा. उत्तरं कुठे जाणार आणि कुठे जाणार नाहीत हे पहिल्या वाक्यात सांगा, आणि ते खरं असू द्या. आकडे छापताना ज्यांच्यापर्यंत पोचता आलं नाही त्यांचाही उल्लेख करा.

डॉक्टर आणि नर्स यांना एवढंच. भेट संपताना 'समजलं ना?' असं विचारू नका. त्याला सगळे हो म्हणतात. 'घरी गेल्यावर औषध कसं घ्याल, मला सांगा बघू' असं म्हणा. आजोबांची पिशवी त्या एका वाक्याने तिथल्या तिथे खिशातून बाहेर आली असती. आणि मानसोपचारतज्ज्ञ व मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली सुचवलेले प्रश्न अजूनही तितकेच उपयोगी आहेत: तुम्हाला हे कशामुळे झालं असं वाटतं? या आजाराबद्दल सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? मी हे प्रश्न दोन्ही बाजूंनी सांगितलेत. दुसऱ्या प्रश्नाला जे उत्तर येतं, ते बहुतेक वेळा डॉक्टरांच्या मनात आलेलंही नसतं.

अधिकाऱ्यांनो, पैशाची बाजू तुमच्या हातात आहे. दुभाषी असलेल्या भेटीला दुप्पट वेळ आणि त्याचा मोबदला द्या. ज्या वस्तीतल्या दवाखान्यांचे आकडे वर्षानुवर्षं खाली आहेत तिथे आधी माणसं द्या, मग रुग्णांच्या स्वभावाबद्दल चर्चा करा. प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेतल्या १९७८ च्या अल्माआटा जाहीरनाम्यात तुमच्याआधीच्या अधिकाऱ्यांनी मान्य केलंय, की स्वतःच्या आरोग्यसेवेच्या आखणीत आणि अंमलबजावणीत भाग घेणं हा लोकांचा हक्क आणि कर्तव्य आहे. त्यात कुठेही 'नागरिकत्व असेल तर' असं लिहिलेलं नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या टेबलावर आत्ता पुढच्या सर्वेक्षणाचा मसुदा असेल, तर तो छापायला जाण्याआधी तुमच्या भागातल्या चार दुभाषांना आणि दहा-बारा स्थलांतरित रुग्णांना एका दुपारी बोलवा. एकेक प्रश्न वाचून दाखवा आणि त्यांना त्यातून काय कळलं ते विचारा. आम्ही येऊ.

कळावे,
आपली,
एक दुभाषी